सत्तावीस पूर्णांक तीन

१

शनिवारी सकाळी साडेसातला हैदराबादच्या लोकहित विद्यालयाच्या मुख्याध्यापिका ज्योतीबाईंनी क्रीडा दालनाचं दार उघडलं, आणि काचेच्या कपाटाकडे नजर जाताच त्या जागीच थांबल्या. कपाटाचं कुलूप कडीला नुसतं अडकवलेलं होतं. आतल्या चांदीच्या ढाली जागच्या जागी होत्या. चषक होते, पूर्वीचे क्रीडाशिक्षक दाते मास्तर यांचं जुनं स्टॉपवॉचही होतं. खालच्या फळीवर शाळेच्या क्रीडा नोंदवह्या उभ्या लावलेल्या असत. आठ वह्या, शंभर वर्षांच्या. आता सातच होत्या. १९५६ ते १९६४ची वही गेली होती.

एरवी ही बाब शिपायाला दोन शब्द सुनावून मिटली असती. पण सोमवारी समारंभ होता. शाळेच्या मैदानी इतिहासाचं पुस्तक प्रकाशित व्हायचं होतं, नव्यानं रंगवून दालनात आणून ठेवलेला विक्रमांचा फलक पुन्हा भिंतीवर चढायचा होता, आणि या दालनाला कुसुम नळगीरकर यांचं नाव द्यायचं होतं. कुसुमताई ही शाळेची दंतकथा होती. १९६१ साली, मुलींनी मैदानावर उतरणंच नवलाचं असताना, त्या दोनशे मीटर सत्तावीस पूर्णांक तीन सेकंदांत धावल्या. तो विक्रम कधी मोडला नाही. पुढे नव्वदच्या दशकात अर्ध्या मैदानावर नवी इमारत उभी राहिली आणि दोनशे मीटरची शर्यतच शाळेतून गेली, त्यामुळे आता तो मोडण्याचा प्रश्नही उरला नव्हता.

त्या विक्रमाची मूळ नोंद हरवलेल्या वहीत होती.

ज्योतीबाईंनी पोलिसांना नाही, अश्विनी कंधारकरांना फोन केला.

अश्विनीताई शाळेच्या माजी विद्यार्थिनी. वय चौसष्ट. तीस वर्षं त्या राज्यभरच्या मैदानी स्पर्धांत वेळाधिकारी होत्या, म्हणजे शर्यत संपते त्या रेषेजवळच्या शिडीवर बसून, आठ जणी एकदम अंगावर येत असताना कुणाची छाती किती सेकंदांनी रेषेवर आली ते सांगणं हे त्यांचं काम. हरणाऱ्यांचे पालक अंगावर धावून येत, मंत्र्यांचे फोन येत. अश्विनीताई आपला आकडा बदलत नसत. दिलसुखनगरच्या घरून मेट्रोनं त्या नऊच्या आत शाळेत पोचल्या. कपाटासमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ढाल नेली नाही म्हणजे चोर नाही. ज्याला वाचता येतं अशा माणसाचं हे काम आहे. काल इथं कोण कोण आलं होतं?”

२

शुक्रवारी दुपारनंतर दालनात चौघं येऊन गेली होती. कपाटाची किल्ली तिथल्याच टेबलाच्या खणात असे, आणि ते चौघांनाही ठाऊक होतं. प्रत्येक जण कधी ना कधी पाच-दहा मिनिटं तिथं एकटं होतं.

पहिली शिल्पा. पंचविशीची, हैदराबादेतच जन्मलेली, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी किंवा रजा काढून येऊन ती नोंदवह्या स्कॅन करत होती. त्या शाळेच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुल्या होणार होत्या. पहिल्या तीन वह्या झाल्या होत्या, शनिवारी चौथीला, म्हणजे नेमकी हरवलेल्या वहीला, हात लागणार होता. आपल्याला ते जुनं वळणदार मराठी वाचता येत नाही हे तिनं आपणहून सांगितलं. “मॅम, मी फक्त पानं मोजते. वाचायचं काम आईला देते,” असं म्हणून तिनं मोबाइलमधली यादी दाखवली. आठही वह्यांची पानं तिनं आधीच मोजून ठेवली होती. चौथ्या वहीपुढे आकडा होता शहाण्णव.

दुसरे युवराज नळगीरकर, शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि कुसुमताईंचे भाचे. त्यांचे वडील नामदेवराव यांनीही पंधरा वर्षं तेच पद सांभाळलं होतं. युवराज कालच्या भेटीत छायाचित्रकाराला घेऊन आले होते आणि अभिप्रायवहीत चार ओळी लिहून गेले होते. त्या इंग्रजीत होत्या. अश्विनीताईंनी त्यावर सहज विचारलं, तर ते ओशाळून हसले. आपण चालवतो मराठी शाळा, पण वडिलांनी आपल्याला घातलं इंग्रजी शाळेत. दुकानाची पाटी मराठीत लिहायची तरी बायकोला विचारावं लागतं, असं ते म्हणाले. वहीबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. आत्या दोन वर्षांपूर्वी वारली होती, आणि हा समारंभ त्यांनी तिच्यासाठी घडवून आणला होता.

तिसऱ्या जयवंताबाई. शहरातल्या कोठी भागात त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं. सोमवारच्या फराळाची त्यांची ऑर्डर. सदुसष्ट वर्षांच्या, काटक, बोलायला कमी. ज्योतीबाई मोकळ्या होईपर्यंत त्या दालनात बसल्या होत्या. अश्विनीताई त्यांना केंद्रावर जाऊन भेटल्या. तिथं बसून काय केलंत, असं विचारल्यावर जयवंताबाई म्हणाल्या, “काय करणार. फलक वाचला.”

“तुम्ही आपल्याच शाळेत होतात?”

“होते की थोडे दिवस,” असं म्हणून त्यांनी शिरा सहाशे लोकांना लागेल की साडेसहाशेंना, हा विषय काढला.

चौथे मुकुंदराव सर. त्यांच्याकडे जाताना अश्विनीताईंची पावलं आपोआप भरभर पडत. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. १९७२ साली दाते मास्तरांच्या हाताखाली क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झाले ते निवृत्तीपर्यंत इथंच राहिले. सोमवारी प्रकाशित होणारं पुस्तक त्यांनीच लिहिलेलं होतं. आणि अश्विनीताईंना त्यांनीच घडवलं होतं. १९७५ साली वडिलांची परभणीहून बदली झाली म्हणून ही मुलगी लोकहितमध्ये आली, तेव्हा सरांनी तिला फलकापुढे उभं करून त्या एका आकड्यावर बोट ठेवलं होतं. दोन वर्षं ती रोज पहाटे त्या आकड्यामागे धावली. १९७७च्या जानेवारीत तिनं सत्तावीस पूर्णांक सहा नोंदवले. तीन दशांश राहिले ते राहिलेच.

सरांनी चहा केला. वही गेल्याचं ऐकून त्यांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, की जाऊ दे, पुस्तकात सगळं आलेलंच आहे. वही असली काय नि नसली काय. पुस्तकाची छापून आलेली प्रत त्यांनी अश्विनीताईंच्या हाती दिली. “वाच. चुका असतील तर सांग, शुद्धिपत्र जोडू. तुझी नजर बारीक.”

पन्नास वर्षं नोंदींवर जीव टाकणारा माणूस ‘असली काय नि नसली काय’ म्हणाला, हे अश्विनीताईंना जिना उतरताना खटकलं.

३

वही कुणी नेली याची चौकशी करत बसण्यापेक्षा ती कशासाठी नेली हे कळणं महत्त्वाचं, असं अश्विनीताईंनी ठरवलं. कुणाला तो विक्रम पुसायचा असेल, किंवा कुणाला तो टिकवायचा असेल. दोन्हींत फरक कसा करायचा, याचा उपाय त्यांना दुपारच्या जेवणाआधीच सुचला होता.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांनी सगळ्यांना दालनात बोलावलं. फराळाचं ठरवायला म्हणून जयवंताबाईही होत्या. अश्विनीताईंनी शांतपणे सांगितलं, की आपण वेळाधिकारी म्हणून एकच नियम पाळत आलो. ज्या वेळेची लेखी नोंद नाही ती वेळ धावलेली नाही. फलक सोमवारी चढेल, पण वही मिळाली नाही तर कुसुमताईंच्या नावापुढे तारा काढावा लागेल आणि खाली लिहावं लागेल, ‘मूळ नोंद उपलब्ध नाही’. पुस्तकातही तशी चिठ्ठी चिकटवावी लागेल.

युवराजांचा चेहरा पडला. असं केलं तर आत्याचा अपमान होईल, असं ते म्हणाले. मुकुंदराव सरांनी कपाटातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. जयवंताबाईंनी आपल्या ऑर्डरच्या वहीत सहाशे लिहिलं आणि त्या उठल्या. शिल्पा तेवढी म्हणाली, की नियम म्हणजे नियम.

बाहेर पडताना ज्योतीबाईंनी अश्विनीताईंना बाजूला घेतलं. खरंच तारा काढणार का, असं त्यांनी काळजीनं विचारलं. अश्विनीताई म्हणाल्या, की विक्रम पुसायचा असेल त्याचं काम आता झालं, तो वही परत करणार नाही. पण टिकवायचा असेल त्याला वही उद्यापर्यंत द्यावीच लागेल.

रविवारी सकाळी सातला रखवालदाराचा फोन आला. दालनाच्या पायरीवर कापडी पिशवी होती, आणि पिशवीत १९५६ ते १९६४ची नोंदवही.

४

ज्योतीबाईंनी वही उघडली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. १९६१चं पान शाबूत होतं. दाते मास्तरांच्या त्या ओळखीच्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं: मुली, २२० यार्ड, प्रथम कुसुम नळगीरकर, २७.३. यार्डांचे मीटर करताना जेमतेम चार फुटांचा फरक, तो पुढे कुणी धरला नव्हता. बाकी सगळं फलकाशी जुळत होतं. कुणाला तरी उपरती झाली, प्रकरण मिटलं, असं त्या म्हणाल्या. युवराजांना फोन करायला त्यांनी मोबाइलही काढला.

“थोडं थांबा,” अश्विनीताई म्हणाल्या.

त्या वही पहिल्यापासून चाळत होत्या. पानांवर त्यांचं लक्ष नव्हतं, नावांवरही नव्हतं. त्या फक्त शेवटच्या रकान्यातले आकडे वाचत होत्या. १२.४. ५८.६. २८.८. १३.०. १२.२. पुढचं पान. पुन्हा तेच. मग त्यांनी कपाटातलं दाते मास्तरांचं स्टॉपवॉच काढलं, खिडकीपाशी नेलं आणि ज्योतीबाईंना तबकडी दाखवली.

“एका सेकंदात किती रेघा आहेत बघा.”

ज्योतीबाईंनी मोजल्या. पाच.

अश्विनीताईंनी समजावून सांगितलं. या घड्याळाचा काटा सेकंदाला पाच उड्या मारतो. म्हणजे तो दोन दशांशांवर थांबेल, चारांवर, सहांवर, आठांवर किंवा पूर्ण सेकंदावर. तीनवर तो थांबूच शकत नाही. म्हणून या वहीत नऊ वर्षांत एकही आकडा विषम दशांशाचा नाही, एक सोडून. आणि शाळेत त्या काळी दुसरं घड्याळ नव्हतं. दशांश मोजणारं घड्याळ १९७२ साली आलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुकुंदराव सरांच्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात घड्याळांचा सगळा इतिहास होता, आणि काल जेवण झाल्यावर त्यांनी तो वाचला होता.

तेवढ्यात शिल्पा आली. अश्विनीताईंनी तिच्या हाती वही देऊन पानं मोजायला सांगितलं. शिल्पानं दोनदा मोजली. पंचाण्णव भरली. शेवटचं कोरं पान नव्हतं, आणि १९६१च्या पानाजवळचा दोरा बाकीच्या दोऱ्यापेक्षा पांढरा होता.

“म्हणजे खरं पान काढलं,” शिल्पा सावकाश म्हणाली, “आणि मागचं कोरं पान तिथं शिवून त्यावर हे लिहिलं. पेपर तोच, जुना. स्मार्ट आहे.”

ज्योतीबाई खाली बसल्या. कुणी केलं हे, असं त्यांनी विचारलं. अश्विनीताईंनी वही मिटली. दाते मास्तरांच्या अक्षराची नक्कल युवराज करू शकत नव्हते, शिल्पा करू शकत नव्हती. जयवंताबाईंना नळगीरकरांच्या मोठेपणाशी काही देणंघेणं नव्हतं. दाते मास्तरांच्या हाताखाली दोन वर्षं नोंदी लिहून, त्यांच्यासारखंच अक्षर वळवून घेतलेला माणूस एकच होता, आणि त्याचं अक्षर अश्विनीताईंनी स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर पाहिलं होतं.

पण मग त्यांचीच एक शंका त्यांच्या आड आली. घड्याळाचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाला २७.३ अशक्य आहे हे माहीत असणारच. तरी त्यानं तेच का लिहिलं?

५

उत्तर एकच असू शकत होतं. त्याला दुसरा आकडा लिहिताच येत नव्हता. फलकावर पन्नास वर्षं २७.३ होता. म्हणजे चूक आजची नव्हती. फलकच चुकलेला होता. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे फलक पहिल्यांदा रंगवला गेला १९७५च्या जूनमध्ये, मुकुंदराव सरांच्या देखरेखीखाली. मग हा आकडा आला कुठून? कुणी मनानं ठोकून दिला असता तर सत्तावीस किंवा साडेसत्तावीस लिहिलं असतं. सत्तावीस पूर्णांक तीन असं कुणी मनातून काढत नाही. ही वेळ कुणीतरी खरंच धावलं होतं, दशांशाच्या घड्याळावर, १९७२नंतर आणि १९७५च्या आधी.

अश्विनीताईंनी सहावी वही काढली. ही वही कुणी चोरली नव्हती, कारण हिच्यात पाहायचं कुणाला कारणच नव्हतं. १९७२ गेलं, १९७३ गेलं. जानेवारी १९७४च्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

मुली, २०० मीटर, अंतिम फेरी. प्रथम क्रमांकाच्या नावावर काळ्या शाईनं इतक्या वेळा फिरवलं होतं, की कागद फाटायला आला होता. समोर वेळ मात्र तशीच स्वच्छ होती. २७.३.

ज्योतीबाई म्हणाल्या, की आता हे नाव कळणं कठीण. अश्विनीताईंनी मान हलवली आणि एक पान मागे उलटलं. अंतिम फेरीआधी प्राथमिक फेऱ्या होतात, आणि नावं खोडणारा माणूस खेळाडू नसेल तर त्याला ते सुचत नाही. दुसऱ्या प्राथमिक फेरीतली पहिली मुलगी अंतिम फेरीच्या यादीत दुसरीकडे कुठेच नव्हती. तिचं नाव तिथं स्पष्ट होतं.

जयवंता सोपान मुळे. इयत्ता दहावी.

६

कोठीच्या पुस्तकांच्या दुकानांवर दुसऱ्या मजल्यावर मुकुंदराव सर एकटेच राहत. दार त्यांनीच उघडलं. अश्विनीताईंच्या हातातल्या दोन वह्या पाहून ते आत गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक पिवळं पान होतं. १९६१चं खरं पान. कुसुम नळगीरकर, २८.४.

“जाळणार होतो. हात धजावला नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जयवंता भालकीकडची, शिकायला मावशीकडे राहिलेली. सरांनी तिच्याइतकी वेगवान मुलगी आयुष्यात पाहिली नाही. डिसेंबरात घरच्यांनी तिचं लग्न उरकलं, तरी जानेवारीत ती हट्टानं धावली, तेही अनवाणी. आठवड्याच्या आत सासरची माणसं शाळेत आली. आमची सून चारचौघांसमोर पळाली याचा पुरावा आम्हाला नको, म्हणाली. नामदेवराव तेव्हा अध्यक्ष होते. लग्न झालेल्या मुलीचं नाव शाळेच्या नोंदीत राहिलं तर उद्या कुणी मुली पाठवणार नाही, असं म्हणून त्यांनी सरांच्या देखत नाव खोडलं. सर नोकरीत नवे होते. गप्प राहिले.

“दीड वर्षानं फलक रंगवायला घेतला. नाव लिहायची सोय नव्हती. पण ती वेळ मी माझ्या हातानं घेतली होती, अश्विनी. ती नाहीशी करणं मला जमेना. म्हणून ती कुसुमताईंच्या नावापुढं लिहिली. म्हटलं, नाव राहिलं नाही तर निदान आकडा तरी राहू दे. पुढच्या मुली खऱ्या आकड्यामागं धावतील.”

अश्विनीताईंना ते दिवस आठवले. त्या पहाटा, ते थंडीतलं मैदान, शिट्टी, आणि दर वेळी घड्याळ बघून सर म्हणायचे, अजून थोडं. त्यांना सरांचा राग आला, तीस वर्षांत एकाही पालकाचा, एकाही मंत्र्याचा आला नव्हता एवढा.

“मला खरं सांगितलं असतंत तर?”

“अठ्ठावीस पूर्णांक चार मोडून तू थांबली असतीस.”

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “मी थांबले असते की नाही ते मी ठरवलं असतं, सर. आणि जिच्यामागं धावत होते तिला एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं. गेली कित्येक वर्षं ती इथून दोन गल्ल्या सोडून पोळ्या लाटत होती.”

सरांनी मान खाली घातली. शिल्पा सगळ्या वह्या जगापुढे ठेवणार म्हटल्यावर आपली झोप उडाली, म्हणाले. शुक्रवारी ती चहाला गेली आणि त्यांनी वही पिशवीत टाकली. तारा काढणार म्हटल्यावर कुसुमताई बिनविक्रमाच्या राहतील, दालनाचं नाव जाईल, पुस्तक खोटं ठरेल, म्हणून रात्री पान शिवलं. लिहितानाच कळत होतं, की हा आकडा या घड्याळाचा नाही. “वाटलं, एवढं कोण बघतं. मग आठवलं, की तू बघशील. तरी लिहिलं.”

अश्विनीताईंनी पिवळं पान वहीत ठेवलं. उद्या समारंभात हे कोण सांगणार, एवढंच त्यांनी विचारलं. सरांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “चूक माझ्या हातची आहे. मीच वाचेन.”

७

युवराजांना सांगायचं काम राहिलं होतं, आणि ते सगळ्यांत अवघड होईल असं ज्योतीबाईंना वाटत होतं. नामपल्लीला त्यांच्या घरी गेल्यावर अश्विनीताईंनी दोन्ही वह्या समोर उघडून ठेवल्या आणि जे होतं ते सांगितलं. नामदेवरावांनी नाव खोडल्याचंही लपवलं नाही.

युवराजांनी त्या काळ्या शाईवरून बोट फिरवलं. वडिलांची शाई त्यांना ओळखू येत असावी. मग ते म्हणाले, की फलकाचा विषय निघाला की आत्या नेहमी म्हणायची, अरे, मी एवढी कुठली जोरात पळाले. घरात सगळ्यांना तो तिचा विनय वाटायचा. “ती खरंच सांगत होती, आणि आम्ही कुणी ऐकलं नाही.”

त्यांनी हळूच विचारलं, की दालनाला आत्याचं नाव देता येईल ना. अश्विनीताई म्हणाल्या, की का नाही. या शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा धावलेली मुलगी कुसुमताईच होत्या, तेही चांगल्या अठ्ठावीस पूर्णांक चारमध्ये, आणि त्याची लेखी नोंद आहे. आकडा फक्त ज्याचा त्याला जाईल. युवराज उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, की जयवंताबाईंकडे मी स्वतः येतो. माझ्या वडिलांच्या वतीनं मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

जयवंताबाई तेव्हा उद्याच्या शिऱ्यासाठी रवा चाळत होत्या. युवराजांनी हात जोडून जे सांगायचं ते सांगितलं. जयवंताबाईंनी ऐकून घेतलं, पण हात थांबवला नाही. तुम्हाला माहीत होतं का, असं अश्विनीताईंनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “सरांनी घड्याळ दाखवलं होतं ना त्या दिवशी. आकडा कसा विसरेन. नवरा गेल्यावर इकडं केंद्र टाकलं, एकदा शाळेत डबे द्यायला गेले, तर भिंतीवर माझा आकडा. शेजारी दुसरीचं नाव. काय बोलायचं? म्हटलं, आहे तरी.”

“बोलायचं होतंत.”

“कुणापाशी? ऐकणारं कोण होतं?” असं म्हणून त्यांनी अश्विनीताईंकडे प्रथमच नीट पाहिलं. “तुमचं किती होतं?”

“सत्तावीस पूर्णांक सहा.”

जयवंताबाईंनी चाळणी खाली ठेवली. “चांगलं धावलात की मग,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर बरोबरीच्या खेळाडूचा होता.

सोमवारी दहाला समारंभ होता. आठ वाजता रंगारी शिडीवर चढून बसला होता. त्यानं कुसुमताईंच्या नावापुढे १९६१, २८.४, मुलींमधील प्रथम धावपटू, असं करून दिलं होतं. आता वरची ओळ रिकामी होती. जयवंताबाई पातेली उतरवून घेत होत्या. रंगाऱ्यानं वरून विचारलं, “अम्मा, नाम पूरा क्या डालना?”

ज्योतीबाईंनी तोच प्रश्न मराठीत केला. आधार कार्डावर सासरचं नाव आहे, वहीत माहेरचं. काय लिहायचं? युवराज, शिल्पा, मुकुंदराव सर, सगळे त्यांच्याकडे बघत होते. सरांच्या हातात वाचायचा कागद होता.

जयवंताबाईंनी पदराला हात पुसले. फलकाजवळ गेल्या. चष्मा नव्हता, म्हणून डोळे बारीक करून रिकाम्या ओळीकडे बघितलं.

“ज्या नावानं पळाले त्या नावानं लिहा,” त्या म्हणाल्या. “जयवंता सोपान मुळे. आणि ‘अनवाणी’ असं लिहायची पद्धत असेल, तर तेही लिहा.”

तशी पद्धत नसते, हे अश्विनीताईंना तीस वर्षांच्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. त्यांनी रंगाऱ्याला लिही म्हणून सांगितलं.